हंबरडा हा गोठ्यातला शब्द

कुठे अपघात झाला, कोणी नदीत बुडालं, की बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं. 'नातेवाइकांनी एकच हंबरडा फोडला.' मी रोज सकाळी चहाबरोबर ते वाचतो आणि रोज चिडतो. बायको म्हणते, चिडायचंच असेल तर पेपर बंद करा. पण अहो, लिहिणाऱ्यानं कधी गाय हंबरताना जवळून ऐकली आहे का? टेबलाशी बसून शब्द वापरायला काय जातं!

मी ऐकली आहे. सगळी नोकरी त्या आवाजातच गेली. मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव बरंच लांबलचक होतं, पण धुळ्याकडे काय आणि जळगावकडे काय, मला सगळे ढोरडॉक्टरच म्हणायचे. पहिल्या वर्षी त्याचं वाईट वाटायचं. नंतर अंगवळणी पडलं. माणसांचे डॉक्टर बरे, त्यांचा पेशंट सांगतो कुठे दुखतंय ते. आमचा पेशंट लाथ मारतो. वर मालक म्हणतो, "डॉक्टर, हातासरसा मलेबी एक टोची द्या, कंबर धरेल शे." अशी माणसं मी शिरपूरपासून भडगावपर्यंत सगळीकडे पाहिली.

आता शब्दाचं सांगतो. हंबरणं हे गाईच्याच आवाजावरून आलं. संस्कृतवाल्यांनी त्या आवाजाला हंभा म्हटलं, हंभारव म्हटलं. आपण हंबरणं म्हणालो, आणि त्यातूनच मोठा, ओबडधोबड असा हंबरडा निघाला. मी काही भाषेचा मास्तर नाही, कोणा विद्वानाला चूक काढायची असेल तर खुशाल काढावी. पण गोठ्यातलं मला कोणी शिकवू नये. गाय भुकेली असली की एक आवाज काढते, माजावर आली की दुसरा. वासराला बोलावते ते तोंड मिटून, घशातल्या घशात, आपल्यालाही जवळ जावंसं वाटेल असं. ही सगळी हंबरणीच. हंबरडा वेगळा. तो कोणी मारत नाही, काढत नाही, देत नाही. तो फोडतात. आत काहीतरी तोंडापर्यंत भरलेलं असतं, ते फुटतं.

साक्रीकडे नवीन असताना मी तो पहिल्यांदा ऐकला. एका विहिरीजवळ बैलाचा पाय मोडून बरंच रक्त सांडलं होतं आणि बैल तिथंच मेला. दुसऱ्या दिवशी गावची गुरं रानातून परत येताना त्या जागेवर थबकली. माना खाली घालून माती हुंगली, खुरांनी उकरली आणि सगळी एकदम ओरडायला लागली. डोळे पांढरे, तोंडाला फेस. गुराखी काठी टाकून पळाला. आमच्या पुस्तकात याचं कारण होतं, आपल्या जातीच्या रक्ताचा वास आला की गुरं असं करतात. मला ते पाठ होतं. तरी त्या संध्याकाळी मी पाचोऱ्याच्या मामांना पत्र लिहिलं की ही नोकरी जमेल असं वाटत नाही.

दुसरा एक बैल असा आला की रोग काही नाही, नुसता दर मंगळवारी रडतो. मालक शपथेवर सांगत होता. मी ताप पाहिला, जीभ पाहिली, शेण पाहिलं. शेवटी विचारलं, याचा जोडीदार कुठे आहे? तर म्हणे विकला, मंगळवारच्या बाजारात. बैलाला वार कळतो का, हे तुम्ही मला विचारू नका. मी त्याला काही औषध दिलं नाही. मालकाला म्हटलं, मंगळवारी त्याच्याजवळ बसत जा. तो माणूस मला वेड्यात काढून गेला, पण बसत होता असं पुढे ऐकलं.

हे दोन्ही किस्से मी चारचौघांत सांगतो. तिसरा आजवर सांगितला नव्हता. त्यातली वडीलधारी माणसं आता राहिली नाहीत, म्हणून लिहितो. नावं बदलली आहेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी बदली भडगाव तालुक्यात गिरणाकाठच्या एका गावी झाली होती. दवाखाना म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याचं छप्पर आणि गुरं अडकवायचा लाकडी खोडा. होळी नुकतीच होऊन गेलेली, आभाळ पांढरंफटक. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. अशा भर दुपारी नाना मला बोलवायला आले. नाना म्हणजे गावातले बरे शेतकरी, थोडी केळी, थोडा कापूस, बोलणं तोलूनमापून. त्यांच्या तांबू गाईचं वासरू हगवणीनं गेलं होतं आणि गाय पान्हा चोरत होती. म्हणजे कासेत दूध असून सोडत नव्हती. धार काढायला बसलं की लाथ.

घराच्या दाराशी नानांनी मला थांबवलं. आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं.

"डॉक्टर, आत गयात की मन्ही सून विचारी. तिना पोऱ्या जयगावले दवाखानामा शे, काचनी पेटीमा. इतलंच ध्यानमा ठेवा."

"बरं," मी म्हटलं. "कसा आहे आता?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोऱ्या नही शे, डॉक्टर. जयगावना रस्तावरच गया. आम्ही नदीवर ठी उनूत."

सुनेचं नाव सुमन. माहेरी आई नव्हती म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मूल दिवसांआधी आलेलं, इवलंसं. नाना आणि त्यांचा मुलगा प्रल्हाद त्याला जीपमधून जळगावला नेत होते, ते वाटेतच गेलं, आणि परत येताना त्यांनी त्याला गिरणेच्या रेतीत पुरलं. इकडे सुमन तापानं बेशुद्ध. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तिला कसलाही धक्का बसू देऊ नका. मग नानांनी ठरवलं ते साऱ्या घरानं पाळलं. शुद्धीवर आल्यावर तिला सांगितलं, बाळ जळगावला आहे, काचेच्या पेटीत, वजन भरलं की आणू. आणि घरात कोणी रडायचं नाही. घरातच काय, गल्लीतही नाही.

त्या घरात मी पाऊल टाकलं. मी बऱ्याच घरांत मरण पाहिलं आहे. बैल मेला तरी आमच्याकडे बाया धाय मोकलतात. इथे मूल गेलं होतं आणि घर असं गप्प होतं की चुलीवरचं पाणी उकळताना ऐकू येत होतं. सुमनची सासू, अक्का, चुलीपुढे बसून ओली लाकडं फुंकत होत्या. नंतर लक्षात आलं, अक्का रोज मुद्दाम ओली लाकडंच घालायच्या. धुरानं डोळ्यांतून पाणी आलं तर कोण विचारणार? शेजारच्या बाया वाटीभर खीर घेऊन यायच्या आणि सुमनजवळ बसून हसून बाळाचं विचारायच्या, "बाय कसं शे आते?" आणि ओटा उतरल्यावर पदर तोंडात कोंबून घराकडे पळायच्या. मी स्वतः पाहिलं.

सुमन ओसरीत खाटेवर होती, गोठ्यासमोर. चेहरा हळदीसारखा पिवळा, डोळे मात्र अगदी स्वच्छ. मला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "या भाऊ. तांबूले दखा. तिनं कालपशी काही खादं नही."

गाईला पान्हा सोडायला लावायचं इंजेक्शन तेव्हाही मिळत होतं, पण सकाळ-संध्याकाळ टोचायचं, आणि गाईच्या अंगाला ते काही चांगलं नाही. जुनी रीत वेगळी होती. मेलेल्या वासराचं कातडं डोकं आणि खुरांसकट सोडवायचं, आतून मीठ चोळायचं, पेंढा भरायचा, सुतळीनं शिवायचं आणि ते गाईपुढे उभं करायचं. गाय त्याला हुंगते, चाटते आणि तिला पान्हा फुटतो. पूर्वी कातडं सोडवायचं काम ज्यांच्याकडून गावानं पिढ्यान् पिढ्या करून घेतलं, त्या घरांनी बौद्ध झाल्यावर ते सोडलं, आणि फार बरं केलं. गावाला मात्र ते काम स्वतः करायची सवय नव्हती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मीच बाह्या सरसावल्या. कुणीतरी कुजबुजलं, "डॉक्टर ढोरं वाचाडस का सोलस?" मी म्हटलं, "दोन्ही. तुझा नंबर कधी लावू?"

काम चांगलं झालं, हे मी आजही सांगतो. टाके असे बसले की ओळखू येऊ नयेत. त्या उन्हात कातडं लगेच वाळलं. वासरू चार बांबूच्या कामट्यांवर उभं राहिलं, मान जराशी वाकडी. डोळ्यांच्या जागा मी शिवून टाकल्या होत्या. तांबूपुढे ठेवलं. ती आधी मागे सरकली, मग पुढे आली, नाकपुड्या फुलवून हुंगलं आणि चाटायला लागली. खसाखसा, करवतीसारखा आवाज. अक्कांनी घाईघाईनं चरवी लावली आणि धार वाजली. नाना माझे हात धरून म्हणाले, "जितलात, डॉक्टर." मी खूश होऊन हात धुवायला वळलो तर सुमन त्या वासराकडे टक लावून बघत होती.

तिथून पुढे मला त्या घरी वरचेवर जावं लागलं. वासराला वाळवी लागू नये म्हणून निंबाचा पाला घालायचा, मीठ पुन्हा चोळायचं. दुपारी वाऱ्याची झुळूक आली की ते पेंढ्याचं वासरू जरासं हलायचं आणि गाय लगेच मान वळवायची. त्या हलण्याची मला भीती वाटायची. मी, ज्यानं ते स्वतःच्या हातानं शिवलं!

एकदा पलीकडच्या गावी म्हैस अडली म्हणून मी सायकल हातात धरून नदीच्या कोरड्या पात्रातून चाललो होतो. ऊन असं की रेतीवर नजर ठरेना. काठच्या एका बाभळीपाशी माणूस दिसला. बाभळीची सावली ती काय, चाळणीची. प्रल्हाद होता तो. सुमनचा नवरा, बारीक अंगाचा, घरात खाली मान घालून वावरणारा. त्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली होती. त्यानं फडकं सोडलं, बूच काढलं आणि बाटलीतलं दूध हळूहळू एका जागी रेतीवर ओतलं. रेतीनं ते लगेच पिऊन टाकलं.

मी खोकलो. तो दचकला नाही. जणू कोणीतरी कधीतरी येणार हे त्यानं धरलंच होतं.

"तिनं दूध शे," तो म्हणाला. "रोज सकायमा काढी देस. पोऱ्यासाठे."

मग सगळं कळलं. सुमनला वाटत होतं की प्रल्हाद रोज सकाळच्या एसटीनं जळगावला जातो, बाळाला दूध पोचवतो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येतो. तो एसटी स्टँडपर्यंत जायचा, मग आडवाटेनं इथे. जिथे मुलाला ठेवलं होतं तिथे दूध ओतायचा, रेतीनं बाटली घासायची, डबक्यात विसळायची आणि संध्याकाळपर्यंत बसायचं. घरी गेल्यावर बाळाची खबर सांगायची.

"नानांना माहीत आहे?"

"नही. त्यासले वाटस मी दूध गटारमा टाकी देस नि वावरमा बसस." त्यानं बाटलीला बूच लावलं आणि म्हणाला, "डॉक्टर, एक सांगा ना. आज काय सांगू? काल सांगं डोया उघडात, परवा सांगं शिंक उनी. ह्या दिनमा पोऱ्या आखो काय करस?"

मला म्हैस अडलेली होती, मला जायचं होतं. आणि मला वासरांचं विचाराल तर मिनिटामिनिटाचं सांगेन. तास-दोन तासांत उभं राहतं, लगेच कासेला लागतं. माणसाच्या पोराचं मला काय ठाऊक? तरी आमच्या घरचं आठवून म्हणालो, "बोट धरतं. मुठीत बोट दिलं की घट्ट धरतं."

"बोट धरस," तो स्वतःशी म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मी सायकल घेऊन तिथून अक्षरशः पळालो.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेलो तर सुमन खाटेवर उठून बसली होती. म्हणाली, "भाऊ, काल त्यानी मालकसनं बोट धरं. घट्ट." मी वासराच्या टाक्यांकडे बघत राहिलो. माझंच वाक्य रात्रीतून फिरून माझ्याकडे आलं होतं. 

मग तिनं विचारलं, "भाऊ, तांबूले समजस नही का?"

"काय?"

"की हाऊ पेंढा शे."

मी माझ्या पुस्तकातलं सांगितलं. गाय नजरेनं नाही, वासानं ओळखते. वास वासराचा आहे तोवर तिच्यासाठी ते वासरूच.

"आते तं नुसता मीठना वास येस," सुमन म्हणाली. "मले आठे लगून येस." आणि खाटेवरून गाईकडे बघत राहिली.

थोड्या दिवसांनी जळगावला आमची मासिक बैठक होती. कुणीतरी तिला ते सांगितलं असावं. मी निघणार त्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही जयगावले जातस ना? मन्हा पोऱ्याले दखी या. त्याना डावा पायवर जांभया डाग शे. मोठा व्हयना का तेवढा दखा." नाना माझ्या मागे उभे होते. त्यांनी तिच्या नकळत माझ्या पाठीला हात लावला. हो म्हणा. मी हो म्हटलं.

बैठकीत लसीकरणाचं काय चाललं होतं ते मला आठवत नाही. माझ्या डोक्यात तो डाग. परत आल्यावर काय सांगायचं? मोठा झाला? तेवढाच आहे? मी काय तिचा दीर लागतो की माणसांचा डॉक्टर? तापातून ती आत्ता कुठे उठत होती. खरं सांगावं तर नाना म्हणत होते तसं व्हायचं, "रडनी तं जाई ती, डॉक्टर." खोटं सांगावं तर जिभेला ते येत नव्हतं. परतीच्या एसटीत मी एका बाईच्या मांडीवरच्या मुलाकडे इतका बघत होतो की तिनं त्याला पदराखाली घेतलं.

घरी गेलो तेव्हा अक्का आणि नाना मळ्यात होते, प्रल्हाद त्याच्या 'जळगावात'. सुमननं तांब्याभर पाणी दिलं. म्हणाली, "दखा का?"

"नाही," मी म्हटलं. "आत सोडत नाहीत बाहेरच्या माणसाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हसली. गेल्या महिन्याभरात मी तिला पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं.

"बरं व्हयनं, भाऊ. डाग शे, असं तुम्ही म्हणतात तं मी तुमले परत ह्या घरमा पानी देती नही. त्याले डाग नही व्हता. मी त्याले एकच डाव दखं, पण बठ्ठा दखं."

एकदाच पाहिलं होतं, पण सगळं. मी तांब्या खाली ठेवला.

"तुला... माहीत आहे?"

"बाटलीमा रेती येस, भाऊ. दवाखानामा रेती कथाईन उनी?" ती सहज बोलत होती, बाजारहाटाचं बोलावं तसं. "नि अक्काना डोया दखा. धूर इतला लाल करस का?"

"मग तू बोलत का नाहीस? रोज दूध काढून देतेस, रोज विचारतेस..."

तिनं तोंडावर पदर धरला. वाटलं आता रडेल. रडली नाही.

"मालक संध्याकाये येतस. मले सांगतस, आज डोया उघडात, आज बोट धरं. ते सांगतांना त्यासनं तोंड दखा तुम्ही कधी? दिनभर मरेल माणूस, नि तितलाच टाइम जित्ता व्हस. मी रडसू, भाऊ, तं त्यासना पोऱ्या मरी जाई."

गोठ्यात तांबू वासराला चाटत होती. खसाखसा. मला तिथे बसवेना. मी कासेला हात न लावताच उठलो.

आता मला सगळं माहीत होतं आणि बाकी कुणालाच सगळं माहीत नव्हतं. घर तिला जपत होतं, ती त्याला जपत होती, तो नदीकाठी उन्हात बसत होता. एकानं तोंड उघडलं असतं तर सगळं कोसळलं असतं. आणि ती खंगत चालली होती. ताप उतरला होता, पण अन्न जाईना. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, हिच्या मनात काय आहे ते बघा. आत काहीतरी भरत चाललेलं जनावर कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. पोटफुगीच्या गाईची कूस डावीकडे वर येते, मी तिथे सुई खुपसतो, वायू सुटतो, गाय वाचते. इथे सुई कुठे खुपसायची?

आखाजी आली, म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे केवढा सण! पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरोघर गेलेल्या माणसांसाठी पाण्यानं भरलेली घागर पुजतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. घागर भरायला घरातला मुलगा लागतो, म्हणून नानांनी प्रल्हादला त्या दिवशी 'जळगावला' जाऊ दिलं नाही. मला जेवायचं आमंत्रण होतं. खापराची पुरणपोळी आणि आमरस. गल्लीतून झोक्यावरच्या पोरींचे आवाज येत होते. या घरात मात्र कोणी झोका बांधला नव्हता.

घागर पुजून झाली. पाटावर नाना, मी आणि प्रल्हाद. अक्का वाढत होत्या. सुमन खाटेवरून उठून ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. दूध त्या दिवशी पोचलं नव्हतं, ते प्रल्हादच्या मनाला लागलं असावं. त्यानं घास हातात धरून आपणहून सुरू केलं, "काल निंघनू ना, तव्हय नर्सबाई सांगे, वजन भरी ऱ्हायनं. आते हासस बी. मी हात लावा तं..."

तेवढ्यात गोठ्यात काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. चाटून चाटून पोटाखालची सुतळी तुटली होती. माझा टाका. वासराच्या पोटातून पेंढा बाहेर लोंबत होता. तांबूनं तो हुंगला. मग तोंडात धरला, ओढला आणि चावायला लागली. आम्ही सगळे बघत होतो. आपल्याच वासराच्या पोटातला पेंढा ती खात होती आणि ते कातडं हळूहळू एका बाजूला कलत होतं. कामट्या निघाल्या. रिकामं कातडं खाली बसलं. तिनं चावणं थांबवलं. पेंढ्याची काडी ओठावर तशीच. तिनं ते कातडं पुन्हा हुंगलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मान लांब केली, आभाळाकडे तोंड केलं, आणि तिच्या आतून जे निघालं ते मी साक्रीच्या विहिरीवरसुद्धा ऐकलं नव्हतं. ताटातला रस थरथरला. झोक्यावरच्या पोरी गायच्या थांबल्या.

प्रल्हादचं तोंड 'हात लावा तं' इथेच उघडं राहिलं होतं. पुढचं त्याला येईना. तो सुमनकडे बघत होता.

अक्का ओरडल्या, "सुमनले आत न्या, कोणी तरी आत न्या तिले!" नाना उठले. पण सुमन आधीच उठली होती. भिंत धरत धरत आली आणि नवऱ्याच्या पाटाशी बसली. सासऱ्यासमोर, परक्या माणसासमोर, डोक्यावरचा पदर पडलेला. तिनं त्याच्या हातातला घास काढून ताटात ठेवला आणि म्हणाली, "रडी ल्या. मी शे ना."

आणि त्या बारीक, खालमानेच्या माणसानं हंबरडा फोडला.

मी ढोरांचा डॉक्टर, मी सांगतो. त्या अंगणात दोन आवाज होते आणि डोळे मिटले असते तर गाईचा कोणता आणि माणसाचा कोणता हे मला सांगता आलं नसतं. नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अक्कांनी हातातलं पातेलं सोडून दिलं. धुराशिवाय रडल्या. गल्ली सगळी दारात गोळा झाली, पण उंबरा कोणी ओलांडला नाही. मी पाटावरच बसून होतो, मला लाज वाटत होती की मी का रडतोय, माझं कोण गेलं होतं? सुमन मात्र नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन कोरड्या डोळ्यांनी थोपटत होती, आणि आता मला तिचीच भीती वाटत होती.

दिवस कलल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं. गाय ओरडून ओरडून दमली होती. धारेची वेळ झाली होती. नाना चाचरत म्हणाले, "डॉक्टर, टाका मारतात का?" सुमननं ते ऐकलं. "नाना, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आते तिले फसाडू नका." ते कातडं आम्ही परसात पुरलं. तांबूचं दूध त्या वेताला आटलं ते आटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात लस टोचत होतो. खोड्याभोवती बरीच गुरं उभी, मालक सावलीला, रवंथ चाललेली. तेव्हा नदीकडून आवाज आला. बाईचा. लांबून, पण सलग, थांबेच ना. सगळ्या गुरांनी रवंथ बंद केली. एकाही जबड्याची हालचाल नाही. सगळे कान नदीकडे. मी हातात सुई धरून तसाच उभा राहिलो. मालकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कोणीच कोणाला विचारलं नाही की काय झालं.

पुढे पावसाळ्यात प्रल्हाद बैल दाखवायला आला तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं. त्या सकाळी दोघं नदीवर गेली. त्यानं जागा दाखवली. ती बसली, रेतीवरून हात फिरवला, पण रडली नाही. तो घाबरला. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. वर ती बाभूळ, खाली रेतीवर त्याच्या बसण्याचा खळगा.

"तुम्ही रोज आठेच बसेत? दिनभर?"

"हा."

"ऊनमा?" तिनं विचारलं. आणि मग ती रडली.